हजेरीपटावरचं सैन्य

मे २०२५ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे आपण सगळे जिला टेरिटोरियल आर्मी किंवा नुसतं टीए म्हणतो तिच्या, ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन प्रत्यक्ष सेवेत घ्यायला तीत मंजुरी होती आणि दलाला बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिलेले होते. आधार १९४८ च्या नियमावलीतल्या ३३ व्या नियमाचा. पहलगामनंतरचे दिवस, ऑपरेशन सिंदूर सुरू झालेलं. बातमी गाजणारच होती. पण गाजली कशी? ‘आता धोनी सीमेवर जाणार का?’ अशी. मानद लेफ्टनंट कर्नल धोनी, कपिल देव यांचे गणवेशातले फोटो दोन दिवस फोनवर फिरले आणि मग नेहमीप्रमाणे चर्चेत दोन तट पडले. एक म्हणत होता, प्रत्येक तरुणाला सक्तीचं लष्करी शिक्षण द्या, इस्रायलकडे बघा. दुसरा म्हणत होता, चार दिवसांत आटोपणाऱ्या लढाईत हे अर्धवेळ शिपाई करणार काय, त्यापेक्षा ते पैसे क्षेपणास्त्रांवर घाला.

दोन्ही तट एकच चूक करतात. दोघंही डोकी मोजतात. पहिल्याला ती कमी वाटतात, दुसऱ्याला ती बिनकामाची वाटतात. राखीव सैन्याचं मोजमाप डोक्यांत करूच नये, दिवसांत करावं. हुकूम निघाल्यापासून पथक नेमून दिलेलं काम भरवशाने करू लागेपर्यंत किती दिवस जातात, हा खरा प्रश्न. तीन दिवस लागत असतील तर ते पथक कोणत्या कामासाठी? तीस लागत असतील तर कोणत्या? हा हिशेब आपल्याकडे कधी जाहीरपणे मांडला गेला नाही. म्हणून माझं म्हणणं असं की, आपलं राखीव दल वाढवण्याच्या आधी त्याची कामं ठरवा, त्या कामांपुरतं ते तयार ठेवा आणि त्या माणसाची नोकरी सांभाळा. सक्तीच्या शिक्षणाने यातलं काहीही साधत नाही.

आधी टीए मुळात काय आहे ते पाहू, कारण चर्चेतल्या निम्म्या लोकांना ती होमगार्डची मोठी बहीण वाटते. १९२० साली इंग्रजांनी इंडियन टेरिटोरियल फोर्स उभी केली, स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नवा कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजाजींच्या हस्ते आजच्या दलाची सुरुवात झाली. कल्पना साधी आणि चांगली होती. माणूस आपल्या पोटापाण्याच्या व्यवसायात राहील, वर्षातले काही आठवडे गणवेश चढवून सराव करील, गरज पडली की हजर होईल आणि गरज संपली की परत आपल्या कामावर जाईल. पहिल्या वर्षी महिनाभराचं भरतीनंतरचं प्रशिक्षण, पुढे दरवर्षी शिबिर. पायदळाच्या बटालियन मोठ्या रेजिमेंटांना जोडलेल्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या टीए बटालियन पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत. याशिवाय रेल्वे, तेल कंपन्या, वैद्यकीय सेवा यांच्या कर्मचाऱ्यांतून उभी केलेली खात्यांची युनिटं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएने काम केलं आहे.

आता प्रत्यक्ष बघा. मे महिन्यातली ती अधिसूचना वाहिन्यांनी युद्धाची हाक म्हणून वाजवली, पण तिची मुदत होती फेब्रुवारी २०२५ ते फेब्रुवारी २०२८, तीन वर्षं. अंदाजपत्रकात पैसे असतील तरच बटालियन घ्यायच्या, आणि दुसऱ्या मंत्रालयासाठी घेतल्या तर खर्च त्या मंत्रालयाने सोसायचा, अशाही अटी होत्या. आणीबाणीत फुंकलेल्या कर्ण्याची ही भाषा वाटते का? हे नेहमीच्या कामाचं नूतनीकरण आहे. टीएच्या पायदळाचा बराच भाग वर्षानुवर्षं जम्मू-काश्मीरमध्ये आणि ईशान्येत उभा आहे. ३० जून २०२२ ला मणिपूरमध्ये तुपुल इथे डोंगर कोसळला तेव्हा टीएच्या १०७ व्या बटालियनचे जवान त्याखाली गाडले गेले; रेल्वेमार्गाच्या बांधकामाची राखण करायला ते तिथे होते. डेहराडून-मसुरीच्या डोंगरांपासून मराठवाड्यापर्यंत झाडं लावणाऱ्या पर्यावरण बटालियन आहेत, त्यांत माजी सैनिक आहेत, आणि त्यांचं काम खरोखर मोलाचं आहे. या जवानांच्या कष्टांबद्दल आणि बलिदानाबद्दल एक शब्दही कमी बोलण्याचं कारण नाही. पण एक विचारलंच पाहिजे: जे दल आधीच कामावर आहे ते राखीव कसं? उद्या खडी फौज, म्हणजे कायमचं लष्कर, कमी पडली तर मागून कोण येणार? आपण टीएला स्वस्तातली खडी फौज करून ठेवली आहे, आणि ज्या जागी राखीव फौज असायला हवी ती जागा बरीचशी मोकळी आहे.

भरतीच्या वेळी हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. कायद्याच्या कल्पनेप्रमाणे टीएत येणारा माणूस कमावता असला पाहिजे. बेळगाव-कोल्हापूरच्या मैदानांवर रात्रीपासून रांगा लावणारी, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून फुटपाथवर झोपणारी पोरं कमावती असतात का? त्यांना नोकरी हवी असते. टीएत घुसलो तर बटालियन सेवेत राहील, पगार चालू राहील, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यांना दोष देता येत नाही. व्यवस्थेनेच दलाचा अर्थ बदलून टाकला आणि पोरांनी तो बरोबर ओळखला.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा काळाचा आहे. मे २०२५ ची चकमक ७ तारखेला सुरू झाली आणि १० तारखेला थांबली. दोन्ही देश अण्वस्त्रधारी, जगाचा दबाव, ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा खेळ. यात तीन आठवड्यांनी तयार होणाऱ्या पायदळाला कोण विचारतो? हा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो, पायदळापुरता. पण त्याच चार दिवसांत देशाच्या पिछाडीला काय चाललं होतं ते आठवा. उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद केले गेले. २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत भोंगे वाजवून बघायचा, दिवे मालवायचा सराव घाईघाईत घेतला गेला. किती ठिकाणी तो भोंगा वाजतच नव्हता, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहिलं आहे. हवाई संरक्षण, धावपट्टीची दुरुस्ती, रक्त आणि शस्त्रक्रिया, तेलाच्या टाक्यांची राखण, रेल्वे, दळणवळण, ड्रोन हेरणं, संगणकांवरचे हल्ले परतवणं. लढाई चार दिवसांची असली तर ही सगळी कामं पहिल्या दिवशीच लागतात. लांबली तर? फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध काही दिवसांत संपेल असं किती जाणकार छातीठोकपणे सांगत होते! युद्ध किती दिवस चालेल हे एकटे आपण ठरवत नाही, आणि लडाखमध्ये २०२० पासून हजारो जवान वर्षानुवर्षं त्या थंडीत उभे ठेवावे लागले तेव्हा एकही मोठी लढाई झालेली नव्हती.

दुसरा मुद्दा कौशल्याचा. अर्धवेळ शिपायाला आधुनिक लढाई जमेल का? याचं उत्तर अमेरिकेने १९९० मध्ये फार महागात मिळवलं आणि मला वाटतं, या सगळ्या वादात ते एकच उदाहरण नीट समजून घेतलं तरी पुरे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने एक व्यवस्था केली होती. डिव्हिजन ही मोठी फौज, ब्रिगेड हा तिचा भाग; खड्या डिव्हिजनमध्ये दोन ब्रिगेड कायमच्या ठेवायच्या, तिसरी नॅशनल गार्डची, म्हणजे राखीव. कागदावर डिव्हिजन पूर्ण, खर्च कमी. सद्दामने कुवेत गिळल्यावर २४ वी डिव्हिजन आखाताकडे निघाली आणि जॉर्जिया राज्यातली तिची राखीव ४८ वी ब्रिगेड मागेच राहिली. ३० नोव्हेंबर १९९० ला तिला सेवेत बोलावलं. बँकेत, शाळेत, गॅरेजात काम करणारी ही माणसं. हाताखाली एम-१ रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती गाड्या. आधी त्यांचा सराव घरच्या राज्यात, मग कॅलिफोर्नियातल्या फोर्ट आयर्विनच्या वाळवंटात. आठवडे गेले, महिने गेले. ब्रिगेड लढायला योग्य असल्याचा दाखला मिळाला तो २८ फेब्रुवारी १९९१ ला. त्याच दिवशी आखातात युद्धबंदी झाली.

यावर आपल्याकडचे टीकाकार म्हणतील, बघा, आम्ही काय सांगत होतो! थांबा. त्याच युद्धासाठी अमेरिकेने दोन लाखांहून अधिक राखीव माणसं बोलावली होती. मालवाहतुकीची, वैद्यकीय, पाणीपुरवठ्याची युनिटं भराभर पोहोचली. नॅशनल गार्डच्याच दोन तोफखाना ब्रिगेड आखातात प्रत्यक्ष लढल्या. मग ४८ वीचं काय चुकलं? तिथल्या शिपायाला रणगाड्याची तोफ डागता येत नव्हती असं नाही. कमी पडत होतं ते वरचं कसब: बटालियन आणि ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांनी रणगाडे, पायदळ, तोफा, रसद हे सगळं एका वेळी हलवणं, आणि शेकडो वाहनांची देखभाल चालू ठेवणं. सहा-सात माणसांच्या टोळीने करायचं काम वर्षाकाठी तीन-चार आठवड्यांत टिकवता येतं. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तर वर्षभर तेच करत असतो. पण हजारो माणसांची एकत्र हालचाल हा रोजच्या रियाजाचा प्रकार आहे. (नॅशनल गार्डवाले आजही म्हणतात की खड्या लष्करालाच त्यांना न्यायचं नव्हतं. त्यातही तथ्य असावं. जगातली कुठलीही खडी फौज राखीवांकडे धाकट्या जावेसारखीच बघते.) निष्कर्ष स्पष्ट आहे. काम निवडून द्या. जे नागरी आयुष्यात रोज होतं, किंवा जे लहान टोळीत शिकता येतं, ते राखीवांना द्या आणि बाकीच्याचा मोह सोडा.

इस्रायलचं नाव घेणाऱ्यांनी इस्रायलचा इतिहास पूर्ण वाचावा. १९७३ च्या ऑक्टोबरात सीरियन रणगाडे गोलानच्या पठारावर चढले तेव्हा इस्रायलचे राखीव सैनिक सणाचा उपास सोडून कोठारांकडे धावले. तिथे रणगाडे होते, पण काहींवर मशीनगन बसवलेली नव्हती. तोफेची नळी आणि दुर्बीण एका रेषेत आणायला वेळ नव्हता. शेजारी बसलेला तोफ डागणारा ओळखीचाही नव्हता. जो आला त्याला ज्या रणगाड्यात जागा होती त्यात बसवून वर पाठवलं. ते जिंकले, पण त्या कोठारातल्या हलगर्जीची किंमत पठारावर मोजली गेली. म्हणून पुढे कोठारं सुधारली. आणि मग २००६? लेबनॉनच्या ३४ दिवसांच्या युद्धात तीच रड पुन्हा. मधली काही वर्षं राखीवांच्या सरावाला कात्री लागलेली होती, रणगाड्यांवरची माणसं पॅलेस्टिनी भागांत नाक्यांवर उभी राहून रणगाडा विसरत चालली होती, आणि लढाईवर निघालेल्यांना सामान पुरत नव्हतं. त्या युद्धाची चौकशी करणाऱ्या विनोग्राड आयोगाने या सगळ्याची चिरफाड केली आणि २००८ मध्ये राखीव सेवेचा स्वतंत्र कायदा आला. म्हणजे जिथे घराघरात शिपाई आहे तिथेसुद्धा तयारी दर दहा वर्षांनी गंजते. नाक्यावर उभं राहून रणगाडा विसरणारी ती माणसं आणि वर्षानुवर्षं रस्त्यांची राखण करणारं आपलं टीएचं पायदळ, यांच्यात काहीच साम्य दिसत नाही का?

सक्तीच्या शिक्षणाबद्दल फार बोलायची गरज नाही. अंकगणित पुरेसं आहे. देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलं-मुली अठरा वर्षांची होतात. अग्निपथ योजनेत पहिल्या वर्षी घ्यायची ठरलेली संख्या होती ४६ हजार, आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी तिन्ही दलांची केंद्रं कामाला लागली. दोन कोटींना कोण, कुठे, कशाने शिकवणार? लाकडी बंदुकांनी? फिनलंड हे करतो, पण तो सुमारे छप्पन्न लाखांचा देश आहे, शेजारी रशिया आहे, तिथले पुरुष सहा ते बारा महिने सेवा करतात आणि त्यानंतरही युद्धकाळी प्रत्यक्ष लागणारी फौज २ लाख ८० हजारांचीच ठरवलेली आहे. बाकीचे लाखो राखीव यादीत असतात, पण कोणाला कोणत्या पथकात, कोणत्या कामावर घ्यायचं हे आधी ठरलेलं असतं. आपल्याला फिनलंडची सक्ती हवीशी वाटते. त्यांची नेमणुकीची यादी कोणी मागत नाही.

शिवकाळाचा दाखला या विषयात नेहमी उलटा दिला जातो: मावळा नांगर टाकून तलवार उचलत असे, म्हणून प्रत्येक शेतकरी शिपाई. खरी व्यवस्था याहून बरीच चोख होती. सभासदाच्या बखरीत सांगितल्याप्रमाणे पावसाळ्यात लष्कर छावणीला येई, तिथे दाणा, वैरण, औषध आधीपासून तयार असे. दसऱ्याला लष्कर कूच करी तेव्हा प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी होई आणि परतल्यावर ती ताडून पाहिली जाई. म्हणजे हंगामी फौजेला जोडून कोठार आणि हजेरी. शिवाय सरकारी घोड्यावरचा बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार यांत फरक केलेला होता. महाराजांचा कल पागेकडे, म्हणजे सरकारी घोड्यांकडे, कारण पागेतला घोडा कधी आणि कसा मिळेल हे सरकारला ठाऊक असे. आणि तिसरा, मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग म्हणजे गडाचा घेरा. रामोशी, महार, कोळी, बेरड ही गडाखालची माणसं आपल्या घरीच राहत, त्यांना जमीन असे, आणि त्यांचं काम एकच: गडाच्या भोवतालच्या वाटा, जंगल, चोरदिंड्या राखणं. त्यांना कोणी कर्नाटकच्या मोहिमेवर धाडत नव्हतं. जी वाट त्यांना अंधारात सापडे तीच त्यांना सोपवलेली होती. काश्मीरमधल्या टीएच्या ‘होम अँड हर्थ’ बटालियन याच तत्त्वावर उभ्या आहेत, स्थानिक माणसं स्थानिक जागी, आणि त्या उपयोगी पडतात याचं आश्चर्य वाटू नये.

मग आज आपला घेरा कोणता? रेल्वेचं घ्या. टीएच्या सहा रेल्वे रेजिमेंट होत्या. रेल्वेचेच कर्मचारी, ज्यांना युद्धकाळी रेल्वेच चालवायची होती. नागरी काम आणि लष्करी काम एकच, सरावाचा प्रश्नच जवळजवळ मिटलेला. काही वर्षांपूर्वी त्यातल्या पाच बंद करण्याचा निर्णय झाला, जमालपूरची तेवढी ठेवली. कारण काय, तर वर्षानुवर्षं त्यांना बोलावण्याची वेळच आली नाही. राखीव दलाला बोलावलं नाही म्हणून ते निरुपयोगी, हा तर्क अग्निशमन दलाला लावून बघा. उलट टीएने २०२३ मध्ये चिनी भाषा जाणणाऱ्या काही उमेदवारांना अधिकारी म्हणून घेतलं. चीनच्या सीमेवर दोन्ही बाजूंचे अधिकारी समोरासमोर बसतात तेव्हा आपला दुभाषा आपला असावा, यासाठी. ही योग्य दिशा आहे, पण अशी माणसं अजून बोटांवर मोजण्याइतकी. नाशिकच्या द्राक्षबागांवर ड्रोनने औषध मारणारा पोरगा, पुण्यातल्या कंपनीत रात्रपाळीला सर्व्हर सांभाळणारी मुलगी, मुंबई बंदरातला क्रेनचालक, भूलतज्ज्ञ, पूल बांधणारा अभियंता. यांना पायदळाच्या बटालियनमध्ये दोन महिने ‘बाएं मूड’ करायला लावण्यात काय हशील आहे? त्यांना त्यांच्याच कामाची लष्करी बाजू शिकवा.

इथे माझ्या बाजूचा सगळ्यात दुबळा धागा येतो: मालक. कराड भागातल्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले एक ओळखीचे गृहस्थ टीएत होते. शिबिराचं पत्र आलं की ते ऑफिसात नेऊन द्यायचे. तिथला माणूस पत्र उलटंपालटं करून विचारायचा, “हे कुठल्या रजेत टाकू? बिनपगारी का मेडिकल?” दोन वर्षं वेतनवाढीच्या वेळी ‘गैरहजेरी’ काढली गेली. तिसऱ्या वर्षापासून त्यांनी पत्र दाखवणंच सोडलं. एका वर्षी गावची जत्रा, एका वर्षी वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. “देशासाठी जातोय म्हणून खोटं बोलावं लागतं भाऊ,” असं ते हसत सांगायचे. पुढे टीए सोडली, कारखाना ठेवला. त्यांची जागा घ्यायला बेरोजगार पोरगा तयारच होता. अशा रीतीने कसबी माणूस गळतो आणि बिनकसबी राहतो.

मालकालाही सरसकट खलनायक करू नये. वीस माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्याचा टर्नर दोन महिने गेला तर त्याची ऑर्डर कोण पुरी करणार? त्याचा तोटा खरा आहे आणि तो एकट्याने का सोसावा, याला आपल्याकडे उत्तर नाही. १९४८ च्या कायद्यात ७-अ हे कलम आहे. सेवेला बोलावलेला माणूस परत आला की त्याला आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर कामावर घेणं, हे मालकाचं कर्तव्य असं ते म्हणतं. न घेतल्यास भरपाई फार तर सहा महिन्यांच्या पगाराइतकी, आणि आदेश मोडला तर दंड फार तर एक हजार रुपये. त्या काळात हजार रुपयांना वजन होतं. आज तेवढ्यात चारचाकीची टाकी अर्धीसुद्धा भरत नाही. ब्रिटनमध्ये राखीव शिपायाला बोलावलं तर मालकाला बदली माणसाच्या खर्चासाठी सरकारकडे मागणी करता येते. इस्रायलमध्ये राखीव सेवेच्या दिवसांचा पगार राष्ट्रीय विमा संस्थेकडून येतो. अमेरिकेत १९९४ पासून परतलेल्या राखीवाच्या नोकरीला भक्कम कायद्याचं संरक्षण आहे. आपण मात्र मालकाला ना धाक दाखवला ना मदत केली, आणि वर अपेक्षा ही की राष्ट्रभक्ती सगळं निभावून नेईल.

पैशांचा आक्षेप मी हलका मानत नाही. खड्या फौजेलाच दारूगोळा, तोफा, विमानं कमी पडत असतील तर राखीवांवर खर्च कशाला? खरं सांगायचं तर दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मीही आधी दारूगोळाच घेईन. पण वर्षाला तीन-चार आठवडे सराव करणाऱ्या माणसाचा खर्च आणि बारा महिने सेवेत ठेवलेल्या माणसाचा खर्च यांची तुलनाच होत नाही. आज टीएवर जो पैसा जातो तो मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा. त्यातल्या काही बटालियन उघडपणे खड्या फौजेत किंवा निमलष्करी दलात मोजा, त्यांना त्यांचे पूर्ण हक्क द्या, आणि टीए हे नाव ज्यासाठी जन्माला आलं त्यासाठी मोकळं करा.

माणसं तर दारातच आहेत. २०२२ च्या अखेरीला दाखल झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीला भरतात. त्यांतले फार तर पंचवीस टक्के कायम होतात, असा मूळ नियम. ४६ हजारांच्या हिशेबाने साडेचौतीस हजार बाहेर पडतात, वय पंचविशीच्या आत-बाहेर, हात अजून शस्त्राला सरावलेला. पूर्वी आपला शिपाई सात वर्षं पलटणीत आणि पुढची आठ वर्षं राखीव असे. बोलावणं आलं की ट्रंक उचलून निघे. ती पद्धत आपण सेवेचा काळ वाढवला तेव्हा मागे पडली. आता सेवेचा काळ पुन्हा चार वर्षांवर आला, पण राखीव सेवेची जोड मात्र परत आली नाही. निमलष्करी दलांतल्या आरक्षणाची चर्चा झाली, सेवानिधीची, म्हणजे बाहेर पडताना मिळणाऱ्या रकमेची, झाली; या हजारो प्रशिक्षित मुलांना पुढची पाच-सात वर्षं राखीव म्हणून कसं जोडून ठेवायचं, याची झाली नाही. इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: पेन्शन नाही, कायम नोकरी नाही, आणि वर पुन्हा बोलावण्याचं ओझं? म्हणून हे ऐच्छिक असावं आणि त्याचे पैसे मिळावेत. दरमहा ठरावीक मानधन, सरावाच्या दिवसांचा पगार, मालकाला भरपाई. सक्ती केली तर १९१४ ची गत होईल. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेने आपले राखीव शिपाई बोलावले तेव्हा त्यांतले कितीतरी म्हातारे, आजारी, मोहिमेला निरुपयोगी निघाले. यादीत ते सगळे हजर होते.

राखीव दल सरकारच्या हातातलं हत्यार बनेल, ही भीतीही आहे, आणि ती हवेतली नाही. १९७४ च्या रेल्वे संपात टीएच्या रेल्वे युनिटना सेवेत बोलावलं गेलं. कामगारालाच गणवेश चढवून कामगारांच्या संपाविरुद्ध उभं केलं गेलं. ते पुन्हा होऊ नये असं वाटत असेल तर कायद्यात लिहा की औद्योगिक संपासाठी राखीवांना बोलावता येणार नाही. तेवढ्यासाठी अख्खं दल निकामी ठेवण्याची गरज नाही.

सुरुवात कुठून करायची? सिंगापूरमध्ये टीव्ही-रेडिओवरून सांकेतिक नावं जाहीर होतात आणि त्या पथकांच्या माणसांना ठरलेल्या तासांत ठरलेल्या जागी पोहोचावं लागतं. आपल्याकडे असं एका वेळी एका युनिटपुरतं करता येईल. सेवेत नसलेल्या माणसांना मोबाइलवर निरोप धाडावा. २४ तासांत किती आले, ७२ तासांत किती. आलेल्यांत तंदुरुस्त किती, प्रत्येकाला बूट, रायफल, रेडिओ मिळाला का, आणि नेमलेलं काम त्यांना कितव्या दिवशी जमलं. हे आकडे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे दरवर्षी ठेवावेत, गोपनीय ठेवायचे तर गोपनीय. ७-अ कलमातली दंडाची रक्कम बदलायला आणि मालकाच्या भरपाईचं कलम घालायला एक अधिवेशन पुरतं. पहिल्या वर्षी हजेरीचा आकडा वाईट येणार हे धरून चालावं. निरोप मात्र एखाद्या साध्या मंगळवारी धाडावा, आणि कारखान्यांना आधी कळवू नये.